गुरुवारी दूध आलं नव्हतं

माझी मुलगी भित्री आहे, हे सध्या निम्म्या कोल्हापूरला माहीत आहे. सहलींना जाणाऱ्या लोकांचा एक व्हॉट्सअॅपचा ग्रुप आहे, त्यावर ते जाहीर झालं. एका गृहस्थांनी लिहिलं, "लेडीज लीडर असेल तर लांबच्या सहलीला जाऊ नका. ऐनवेळी घाबरतात आणि सगळ्यांचा विरस करतात." त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. त्यातले दोन अंगठे आमच्याच गल्लीतले होते. ज्यांच्या पोरांच्या शास्त्राच्या वह्या मी तपासते, त्यांचे.

म्हणून लिहायला बसले आहे. दिवसा शाळा असते, रात्रीच वेळ मिळतो. पवित्रा कोण आहे आणि त्या गुरुवारी तिनं काय केलं, ते एकदा सरळ लिहून ठेवणार आहे. आई आहे म्हणजे पोरीची बाजू घेणारच, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. मी त्या दिवशी तिची बाजू घेतली होती की नव्हती, ते शेवटपर्यंत वाचून ठरवा.

पवित्रा आमची एकुलती एक. जन्म गडहिंग्लजचा. घरात मराठी आणि कानडी दोन्ही, म्हणून मी तिची अव्वा आणि वडील अप्पा. आम्ही कोल्हापूरला राहायला आलो तेव्हा ती पाच वर्षांची होती, आणि इथल्या पोरींसारखी 'आलो', 'गेलो', 'बघतो' असं बोलायला तिला पाच दिवसही लागले नाहीत. ते मला आजतागायत सुधारता आलेलं नाही.

तिचे अप्पा, मृत्युंजय, दुधाच्या गाडीवर ड्रायव्हर होते. पहाटे गावोगावच्या डेअऱ्यांवरून कॅन उचलायचे आणि कोल्हापूरला पोचवायचे. शाळेला सुट्टी असली की पवित्रा केबिनमध्ये. मी म्हणायचे, पोरीला झोपू दे. ती माझ्या आधी उठून चपला घालून बसलेली असायची. रस्त्यात मुंगूस दिसलं, कोल्हा दिसला, विजेच्या तारेवर कुठला पक्षी बसला होता, हे सगळं ती पाठीमागून कोऱ्या राहिलेल्या जुन्या वहीत लिहायची. गावोगावच्या डेअरीतली माणसं तिला "गाडीतली पोरगी" म्हणून ओळखायची.

दोन हजार पाचच्या पुरात ती तिसरीत होती. पाऊस थांबेना, शाळा बंद. मुरगूडच्या अंगाला दूध अडकून पडलं होतं. ह्यांनी निघायच्या आधी तिकडच्या एका चहाच्या हॉटेलात फोन लावला. हॉटेलवाला ओळखीचा, बाळासो नावाचा.

"बाळासो, रस्ता सुरू हाय काय?"

"या की! काय न्हाय हुईत. या, च्या टाकतो."

गेले. पोरीला घेऊन गेले. वेदगंगेचं पाणी वळणापलीकडं रस्त्यावर होतं, ते वळण घेईपर्यंत दिसलं नाही. गाडी बंद पडली. पाणी पायरीला लागलं, मग दाराला. ह्यांनी पवित्राला टपावर चढवलं आणि स्वतः खाली दार धरून उभे राहिले. दोन तासांनी पलीकडच्या लोकांनी ट्रॅक्टर आणून दोर टाकला. भिजलेल्या पोरीला खांद्यावर घेऊन हे हॉटेलात पोचले, तर बाळासो खुर्ची पुसत म्हणाला, "आलासा? बसा, बसा."

"अरं, पाणी हाय की रस्त्यावर!"

"हाय की."

"मग या कशाला म्हणलास?"

बाळासोला प्रश्नच कळेना. "तुम्ही येतो म्हणलासा. मग या म्हणायचं न्हाय तर काय, येऊ नका म्हणायचं? पावण्याला?"

मी चार दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. पण चिडायचं बाळासोवर की स्वतःवर, ते ह्यांनी माझ्या आधी ओळखलं. आपल्याकडं 'या की' ही माहिती नसते. ते आमंत्रण असतं. रस्त्यावर गळ्याइतकं पाणी असलं तरी माणूस 'या की' म्हणणार, आणि त्यात त्याला खोटं बोलल्यासारखं वाटणारही नाही. तेव्हापासून ह्यांनी प्रश्न बदलला. पावसाळ्यात कुठंही फोन लावला की विचारायचे, "त्या अंगाचं सकाळचं दूध आलं काय?" बस्स. रस्त्याचं नावच काढायचं नाही. पवित्रानं एकदा विचारलं, असं का? हे म्हणाले, "माणूस मोठेपणा करतो. दूध करत न्हाय. म्हस पिळली की ते पोचवायलाच लागतंय, न्हाईतर नासतंय. ज्या वाटेनं दूध आलं न्हाय, ती वाट बंद हाय. कोण का काय म्हणंना."

हे सगळं इतकं सविस्तर सांगायचं कारण पुढं येईल.

पवित्रानं प्राणिशास्त्रात एम. एस्सी. केलं. दोन वर्षं राधानगरीच्या जंगलात गव्यांच्या मागं फिरली. मग शाळेच्या पोरांना दाजीपूरला न्यायला लागली, मग मोठ्यांना, मग परराज्यात. एकदा शहराच्या कडेला उसात गवा शिरला होता. दोनशे माणसं मोबाईल धरून त्याच्या अंगावर चालून जात होती. ही वनखात्याच्या माणसांबरोबर दोर धरून ओरडत होती, "मागं व्हा, मागं व्हा!" गर्दीतला एकजण म्हणाला, "भितीस व्हय गं?" ही म्हणाली, "व्हय. तुम्ही पण भ्या." लोक हसले. मी त्या गर्दीत तिला डबा द्यायला गेले होते. मलाही थोडं हसू आलं होतं, हे कबूल करते.

तिच्या खोलीत कपाटाच्या दारावर एक चित्र आहे. गवत खाणारी माकडं. गेलाडा म्हणतात त्यांना. छातीवर लाल ठिपका, खांद्यावर सिंहासारखी आयाळ. जगात फक्त इथिओपियाच्या डोंगरांवर सापडतात. कॉलेजात असताना तिनं ते चिकटवलं. कडा पिवळ्या पडल्यात, चित्र तिथंच आहे. पुढं ज्या सहलीला तिच्याबरोबर चौदा माणसं गेली, त्या सहलीत ही माकडं बघायची सगळ्यात जास्त ओढ कुणाला होती, हे त्या ग्रुपवरच्या कुणी विचारलं काय?

उदयसिंह म्हणून एक गृहस्थ सहल कंपनी चालवतात, राजारामपुरीत ऑफिस आहे. माणूस गोड बोलतो. गेल्या वर्षी त्यांनी इथिओपियाची सहल काढली. दसरा झाल्यावर निघायचं, दहा दिवस, आणि मुख्य आकर्षण उत्तरेकडच्या डोंगरातली ही माकडं. लीडर पवित्रा.

मी त्या देशाचं नाव ऐकलं आणि माझी झोप उडाली. उत्तरेच्या त्या प्रांतात सरकारी सैन्य आणि तिथलेच बंदूकधारी गट यांची लढाई चालू आहे. कधी इंटरनेट बंद, कधी रस्ते बंद, गाड्या अडवून माणसं पळवून नेल्याच्या बातम्या. मी सगळं वाचून काढलं आणि तिच्यापुढं ठेवलं. तिला ते माझ्याआधी माहीत होतं. तिनं वेगवेगळ्या देशांनी आपल्या नागरिकांना दिलेले इशारे काढून ठेवले होते, विम्याचे कागद शेवटच्या बारीक अक्षरांपर्यंत वाचले होते. त्यात त्या प्रांताचं नाव चक्क वगळलेलं होतं. म्हणजे तिथं कुणाला काही झालं तर विमा नाही. हे तिनं उदयसिंहांना दाखवलं. ते म्हणाले, "पवित्रा, खालच्या ओळी वाचत बसलीस तर माणूस राधानगरीला पण जायचा न्हाय."

ती म्हणाली, देश मोठा आहे. दक्षिण वेगळी, उत्तर वेगळी. राजधानीतून विमानानं गोंदर शहरात जाता येतं, ते शहर शांत आहे. प्रश्न आहे गोंदरपासून डोंगरापर्यंतच्या शंभर किलोमीटर रस्त्याचा. "तो रस्ता घ्यायचा की न्हाय, ते मी तिथं जाऊन ठरवणार. न्हाय जमलं तर सगळ्यांना घेऊन दक्षिणेला तळ्यांवर जाणार. हे मान्य असंल तर येतो." उदयसिंह म्हणाले, "मान्य!" तोंडी. लेखी द्या म्हटल्यावर म्हणाले, "आपल्यात कागद कशाला?"

निघायच्या आधी सगळ्या चौदा जणांची बैठक झाली. मीही मागं जाऊन बसले. तिथं उदयसिंहांनी आमच्याच माणसाला फोन लावला. ह्यांचा चुलतभाऊ चन्नाप्पा. सहा वर्षं इथिओपियात साखर कारखान्यात केमिस्ट आहे. आपल्या जिल्ह्यातली साखरेची माणसं आफ्रिकेत कुठं कुठं आहेत, तसा हा. फोन स्पीकरवर.

"चन्नाप्पा, आमची मंडळी येतायत. रस्ता सुरू हाय काय तिकडचा?"

"या की पावणं! बिनधास्त या. काय न्हाय इथं. मी हाय की!"

टाळ्या झाल्या. धैर्यशील नावाचे एक गृहस्थ, मोठा कॅमेरा घेऊन हिंडतात, ते उठून म्हणाले, "आता आपलाच माणूस सांगतोय म्हटल्यावर विषयच संपला." पवित्रा काही बोलली नाही. मला मात्र महिन्याभरात पहिल्यांदा बरं वाटलं. घरचा माणूस, तिथं राहणारा, तो सांगतोय. त्या रात्री मी नीट झोपले.

म्हणजे बघा. दुधाच्या गाडीच्या टपावर जिची पोरगी दोन तास बसली होती, ती बाई.

मंगळवारी ते गोंदरला पोचले. बुधवारी तिथले जुने किल्ले बघून झाले. शुक्रवारी पहाटे डोंगराकडं निघायचं होतं. बुधवारी सकाळी हॉटेलात चहा आला, तो काळा. तिथला गाईड म्हणाला, आज उपवास. तिथले ख्रिस्ती लोक बुधवार-शुक्रवार दूधदुभतं घेत नाहीत, हे खरं आहे. सगळ्यांनी काळा चहा घेतला.

गुरुवारी सकाळी पुन्हा काळा.

"आज कसला उपवास?" पवित्रानं विचारलं.

"नो प्रॉब्लेम," गाईड म्हणाला.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. तिथं अल्माझ नावाची स्वयंपाकीण होती, चाळिशीची. हिला तिची भाषा येत नाही, तिला इंग्रजी मोजकं. हिनं कप दाखवला. अल्माझनं कोपऱ्यातले दोन रिकामे कॅन पालथे करून दाखवले आणि हात उत्तरेकडं केला. दूध त्या रस्त्यावरच्या गावांतून येतं. मंगळवारनंतर आलेलं नाही. बुधवारी उपवास होता म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही, एवढंच.

पवित्रा तिथून मंडईत गेली. त्याच रस्त्यावरनं बटाटे घेऊन येणाऱ्या बायकांची जागा मोकळी होती. बसस्टँडवर गेली. डोंगराकडच्या बसगाड्या ओळीनं उभ्या, ड्रायव्हर सावलीला बसलेले. तिनं त्यांना विचारलं, बस कधी सुटणार? प्रत्येकानं सांगितलं, उद्या.

इकडं मी काय करत होते? मी चन्नाप्पाला फोन केला होता. तो म्हणाला, "वैनी, कशाला जीव टांगणीला लावताय? जाऊ दे की पोरीला. काय न्हाय हुईत." मग मी पवित्राला लावला. ती नुकतीच बसस्टँडवरनं परतली होती.

मी म्हणाले, "चन्नाप्पाशी बोलले मी. काही नाही म्हणतोय. जा की मग. एवढ्या लांब गेली आहेस, तुझी माकडं बघून ये."

ती म्हणाली, "अव्वा, दूध आलं न्हाय."

मी म्हणाले, "मग एक दिवस काळा चहा पी. त्यात काय एवढं?"

ती म्हणाली, "ठेवतो," आणि फोन ठेवला.

हे इकडं पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली घेतला. "काय म्हणाली?"

"दूध नाही म्हणाली हॉटेलात."

"कवापास्नं?"

मी त्यांच्याकडं बघत राहिले. त्यांचा चेहरा बघितला आणि मग मला कळलं. मी परत फोन लावला, लागला नाही. तोवर तिनं ठरवून टाकलं होतं, आमच्या कुणाच्याही मदतीशिवाय.

दुपारी तिनं चौदा जणांना बसवून सांगितलं, आपण उत्तरेला जात नाही. उद्याच्या विमानानं परत राजधानी, तिथून दक्षिणेला. धैर्यशील भडकले. "आम्ही काय हिप्पो बघायला आलोय व्हय? रंकाळ्यात म्हशी बघितल्या असत्या की!" आणखी दोघांनी सूर मिळवला. कोण म्हणालं, कारण काय? ही म्हणाली, दूध आलेलं नाही. त्यावर जे हसले ते हसले. धैर्यशील म्हणाले, "चहाला दूध न्हाय म्हणून सहल रद्द करणारी पहिली बाई बघितली मी." हे वाक्य पुढं त्या ग्रुपवर फार गाजलं.

शुक्रवारी ते परत फिरले. तळ्यावर पाणघोडे, रोहित पक्षी, हजारोंनी. त्यांचे फोटो त्याच धैर्यशील यांनी काढले आणि घरी लावलेत, असं ऐकते.

आता खरी गोष्ट. त्याच शुक्रवारी परदेशी पर्यटकांचा सहा जणांचा एक गट त्याच रस्त्यानं डोंगरावर गेला. त्यांना काहीही झालं नाही. माकडं बघून, फोटो काढून रविवारी सुखरूप परत आले. ते फोटो इंटरनेटवर आले आणि तिथून आमच्या कोल्हापुरात.

झालं. "बघा, ती गेली. काय झालं काय त्यांना?"

नाही झालं. ती सहा माणसं परत आली, चांगलं झालं. त्यांच्याही आया असतील. पण मला एक सांगा, बारावीच्या पोरानं गाडी डोळे मिटून चौकातून नेली आणि वाचला, तर तुम्ही त्याला शाबासकी देता? बाकीच्यांना म्हणता, डोळे कशाला उघडे ठेवताय, तो गेला की? वाचणं ही वेगळी गोष्ट आणि बरोबर ठरवणं ही वेगळी. हे मी आठवीच्या वर्गाला समजावू शकते. मोठ्या माणसांना, कॅमेरा गळ्यात असलेल्या, मला समजावता येत नाही. एखादी गाडी अडवली गेली असती तर हेच लोक आज आमच्या दारात हार घेऊन उभे राहिले असते. म्हणजे पोरीचं नाव राखायला कुणीतरी पळवलं जायला हवं होतं काय?

परतल्यावर आठ दिवसांनी उदयसिंहांनी ऑफिसात बोलावलं. धैर्यशीलही येणार होते. हे म्हणाले, मी गाडीनं सोडतो. मी म्हणाले, मी आत येणार. मग दोघंही आत गेलो. पवित्राला ते आवडलं नाही.

उदयसिंह म्हणाले, "वैनी, बरं झालं आलासा. विषय छोटा हाय. पवित्रानं दोन ओळीचं पत्र लिहायचं, 'माझ्याकडून परिस्थितीचा अंदाज चुकला.' मी ते ग्रुपवर टाकतो. लोक शांत. पुढच्या सगळ्या सहली तिच्याच."

"अंदाज चुकला न्हाय," पवित्रा म्हणाली.

"अगं, शब्द हायत ते. लिहायला काय जातंय?"

धैर्यशील खुर्चीत पुढं सरकले. "मी स्पष्टच बोलतो. ही घाबरली न्हाय. हिला घाबरवलं. गुरुवारी सकाळी आईचा फोन आलता, आम्ही समोर होतो. आईनं नको म्हणून सांगितलं, आणि हिनं दुधाचं निमित्त केलं. आईची माया, समजू शकतो आम्ही. पण मग आया बरोबर घेऊन लीडर होऊ नये."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. पवित्रा माझ्याकडं बघत नव्हती. तिला माहीत होतं मी काय बोलले होते ते, आणि तिनं ते कुणालाही सांगितलं नव्हतं. धैर्यशील यांना नाही, उदयसिंहांना नाही. 'आई तर जा म्हणत होती,' एवढं एक वाक्य तिनं तिथंच टाकलं असतं तर अर्धा आरोप गळून पडला असता. तिनं मला वाचवलं होतं.

मी म्हणाले, "मी तिला जा म्हणाले होते."

"काय?"

"जा म्हणाले होते. चन्नाप्पा म्हणतोय काही नाही, तर जा, असं. दूध नाही म्हणाली तर काळा चहा पी म्हणाले. तुम्ही हसलात, त्याच्या आधी मी हसण्यावारी नेलं होतं. माझं ऐकलं असतं तर ती तुम्हाला घेऊन गेली असती."

मग धैर्यशील म्हणाले, "तेच म्हणतो मी. चन्नाप्पा तिथला माणूस. त्यानं छातीठोक सांगितलं, तुम्ही पण जा म्हणालासा, मग हिला एकटीला काय कळलं?"

तेव्हा हे पहिल्यांदा बोलले. "चन्नाप्पालाच इचारू." फोन लावला, टेबलावर ठेवला, स्पीकरवर.

"चन्नाप्पा, गोंदरच्या पुढं डोंगराकडं रस्ता जातोय बघ. त्या रस्त्यानं तू कधी गेलतास?"

"मी? न्हाय बा! मी कशाला मरायला जातोय तिकडं? आमचा कारखाना इकडं दक्षिणेला, सहा-सातशे किलोमीटर लांब. आमच्यातलं कोण म्हणजे कोण तिकडं जात न्हाय."

"मग बैठकीत या की म्हणलास ते?"

चन्नाप्पा मोकळेपणानं हसला. "दादा, चौदा माणसं गावाकडनं येतो म्हणत्यात. त्यास्नी नको म्हणू व्हय?"

वीस वर्षांपूर्वीचा बाळासो खुर्ची पुसत समोर उभा राहिला मला. चन्नाप्पाचा राग येईना. खोटं बोलला नव्हता तो. राग आला तो टाळ्या वाजवणाऱ्यांचा, आणि त्यात माझेही दोन हात होते.

धैर्यशील थोडे वरमले, पण उठताना म्हणालेच, "ते काय का असंना. झालं तर काय न्हाय की!"

उदयसिंहांनी कोरा कागद पवित्रापुढं सरकवला. "बघ बाई. तू काय ते लिही."

तिनं लिहिलं. मी शेजारी होते, मला पाठ आहे. "माझ्याकडून चूक झाली. निघण्यापूर्वीच्या बैठकीत चन्नाप्पाकाकांना 'रस्ता सुरू हाय काय' असं विचारलं गेलं, आणि मी ते चालू दिलं. हा प्रश्न आपल्या माणसाला विचारायचा नसतो, हे मला लहानपणापासून माहीत होतं. गुरुवारी दूध आलं नव्हतं. सही."

उदयसिंहांनी दोनदा वाचलं. "हे काय मी ग्रुपवर टाकू व्हय?"

नाही टाकलं. पुढच्या सहलींबद्दल त्यांचा फोनही आला नाही. आला तो जाहिरातीचा कागद, पेपरातून, घरात. यंदा दसऱ्यानंतर पुन्हा इथिओपिया, पुन्हा उत्तरेचे डोंगर, आणि माकडाच्या फोटोखाली ठळक अक्षरात: "तिथल्या आपल्या कोल्हापूरच्या माणसाचा शब्द — या की!"

मी तो कागद फाडणार होते. पवित्रानं हातातून घेतला, हसली आणि घडी घालून ठेवला.

ती आता परत दाजीपूरला शाळेची पोरं नेते. घरात येऊन कुणी विचारतं, "काय गं, भ्यालीस म्हणं?" तर म्हणते, "व्हय, भ्यालो." एवढंच. मला मात्र आत उकळतं. भ्यायला ती एकटी पुरली, चौदा जणांच्या वाट्याचं. ते सगळे बिनघोर झोपले, कारण ती मंडईत आणि बसस्टँडवर हिंडत होती.

आता शेवटचं. हे मला लिहायचं नव्हतं, पण वर म्हणाले आहे की सगळं सरळ लिहीन.

परवा मी कपडे घड्या करत होते. ती मोबाईल घेऊन आली. त्यात एक फोटो होता. स्वयंपाकघराचा कोपरा, दोन कॅन, काठोकाठ भरलेले. अल्माझनं पाठवलेला. पवित्रा गेलं वर्षभर त्या बाईच्या संपर्कात आहे, हे मला माहीतच नव्हतं. रोज ही एकच शब्द विचारते, त्यांच्या भाषेतला, दूध. ती बाई कधी रिकाम्या कॅनचा फोटो पाठवते, कधी भरलेल्या.

"अव्वा, बारा दिवस झाले, रोज येतंय," पवित्रा म्हणाली. "असंच राहिलं तर जाता येईल. उदयसिंहांबरोबर न्हाय. आपलं आपण, चौघं-पाचजण."

माझ्या हातातली साडी तशीच राहिली. ती गेली नाही म्हणून इतकं भांडून, रात्री जागून मी हे सगळं लिहिते आहे, आणि ती जायचं म्हणतेय. नको म्हणावं, असं तोंडावर आलं होतं. मी ते गिळलं.

"कुठल्या रस्त्यानं आलंय दूध?" मी विचारलं. "त्याच की दुसऱ्याच गावचं आणलंय हॉटेलवाल्यानं?"

पवित्रानं मोबाईलवरून मान वर केली. माझ्याकडं बघत राहिली.

"ते विचारलं न्हाय मी," ती म्हणाली आणि तिथंच, कपड्यांच्या ढिगावर बसून, अल्माझला लिहायला लागली.